नवी बॅटरी पाणीच पीत नाही

दिवाळीला गावी गेलो तर पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या वास आला. कुजक्या अंड्यांचा. आमचं माळकरी घर, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, त्यामुळे आईने आधी शेजारच्यांवर संशय घेऊन झालेला, मग उंदीर मेला असेल म्हणून धान्याच्या कोठीमागचं सगळं सामान बाहेर काढून झालेलं, वहिनीने दोनदा फिनेल टाकून फरशी पुसलेली, तरी वास काय जाईना. मी बॅग पण न ठेवता वासाच्या मागे मागे गेलो तर जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवलाय तिथे जाऊन पोचलो. दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी. एकीला हात लावला, गार. दुसरीला लावला आणि पटकन मागे घेतला, दुपारी उन्हात लावलेल्या गाडीच्या टाकीसारखी तापलेली.

आई मागून म्हणाली, "ती नवी चांगलीय हां, पाणीच पीत नाही. ही जुनीच मेली सारखी पाणी मागती, पंधरा दिवसाला बाटली लागती हिला."

मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल. भोसरीत कंपनीत मेंटेनन्सला दहा वर्षं झाली. आणि त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात तिथल्या तिथे लागला तेव्हा मला खरंच लाज वाटली, कारण ती जोडणी मीच केली होती, दहा महिन्यांपूर्वी, स्वतःच्या हाताने, पाना घेऊन.

झालं होतं असं. बार्शी तालुक्यातलं आमचं गाव, लाइटीचं तुम्हाला माहितीच आहे, येते तशी जाते. घरी आधी एका बॅटरीवरचा साधा इन्व्हर्टर होता, १२ व्होल्टचा, त्याला १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती माल मावतो त्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी, चार वर्षं जुनी. तीन पंखे आणि दिवे एवढ्याला बास होतं. मग वहिनीने शिलाई मशीनला मोटर लावली, फ्रीज आला, मिक्सर तर होताच, आणि लाइट गेल्यावर मिक्सर लावला की इन्व्हर्टर टीं टीं करून बसायचा. म्हणून मी दोन बॅटरीवाला मोठा इन्व्हर्टर घेतला, २४ व्होल्टचा. दुकानदार म्हणाला दोन बॅटऱ्या लागतील. मी म्हणलं एक आहे घरी, एकच द्या. तो म्हणाला, "चालतंय की, एएच सेम आहे ना, मग काय." साडेचौदा हजार वाचले म्हणून मी त्या दिवशी सगळ्यांना स्टँडवर रस पाजला होता, हे पण सांगून टाकतो.

घरी येऊन जुनी आणि नवी मी सिरीजमध्ये जोडली. आता सिरीज म्हणजे काय ते ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. एका बॅटरीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडायचा, उरलेली दोन टोकं इन्व्हर्टरला. व्होल्टेजची बेरीज होते, १२ अधिक १२ चोवीस, एएच मात्र तेवढेच राहतात, १५० चे १५०. पॅरलल म्हणजे प्लसला प्लस, मायनसला मायनस, व्होल्टेज बाराच राहतं आणि एएच ३०० होतात. भरलेला माल दोन्हीकडे सारखाच, २४ गुणिले १५० काय आणि १२ गुणिले ३०० काय, ३६०० वॅट-अवरच. सिरीज केल्याने जास्त बॅकअप मिळतो असं दुकानात सांगतात ते खोटं आहे, बॅकअप बॅटऱ्यांच्या संख्येने वाढतो, जोडणीने नाही.

आमच्याकडे हे समजावून सांगायला मोटरीचं उदाहरण लगेच कळतं. सबमर्सिबल घेताना आपण विचारतो ना, किती स्टेजची. पाणी तेच, पण एका स्टेजने वर ढकललेलं पाणी दुसरी स्टेज अजून वर ढकलते, म्हणून जास्त स्टेज तर जास्त खोल बोअरवरून पाणी येतं. ही सिरीज. आणि विहिरीवर दोन मोटरी बसवून दोन्हींचं पाणी एकाच पाइपलाइनला सोडलं तर उंची तेवढीच पण पाणी जास्त, ती पॅरलल. आबांना हे मी एका मिनिटात समजावलं होतं आणि त्यांना कळलं पण होतं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. त्यांनी विचारलं होतं, "एक जुनी न एक नवी चालती का रं?"

मी म्हणालो, चालते की आबा, एएच सेम आहे.

इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. आत घालतात ते सेल. आबांची तीन सेलची बॅटरी होती, पितळी नव्हे, ती चकचकीत स्टीलची, पुढचं तोंड फिरवून झोत लहान मोठा करायची, रात्रीची लाइट असायची तेव्हा उसाला पाणी द्यायला ते ती घेऊन जायचे. आता त्या बॅटरीत सेल एकामागे एक उभे असतात, एकाचं टोपण दुसऱ्याच्या बुडाला, म्हणजे सिरीजच, दीड तिरकी साडेचार व्होल्ट. उजेड पिवळा पडला की आम्ही पोरं सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचो, संध्याकाळी जरा बरा उजेड यायचा आणि मग परत मेला. पण आबांचा एक नियम होता. तिन्ही सेल एकदमच बदलायचे. कधी एखादाच सेल गळलेला दिसला आणि मी म्हणलं की हा एकच बदलू, बाकीचे दोन चांगले आहेत, तर ते म्हणायचे नाय, नवा पण मरतो, उरलेले दोन घड्याळाला नायतर रेडिओला टाक. त्यांचं शिक्षण सातवी. त्यांनी करंट, इंटर्नल रेझिस्टन्स असलं काही कधी ऐकलेलं नाही, पैसे वाया गेलेले बघून शिकलेलं होतं. आणि मी डिप्लोमा करून त्यांनाच सांगत होतो चालते म्हणून.

असो. दिवाळीच्या त्या दिवशी पहिलं काम केलं ते इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद आणि पडवीची दोन्ही दारं उघडी. वास येतोय म्हणजे बॅटरी नुसती उकळतीय, आणि उकळते तेव्हा हायड्रोजन निघतो, हवेत तो शंभरात चार भाग झाला तरी ठिणगीने भडकू शकतो. जिन्याखाली कोंदट जागा, आणि त्याच जिन्यावर आई रोज संध्याकाळी तुळशीतला दिवा लावून उरलेली काडीपेटी ठेवते. दोन दिवस मला त्या काडीपेटीचीच आठवण येत होती.

मग मल्टिमीटर काढला. मी गावी जाताना मल्टिमीटर नेतो, त्यावरून बायको हसते, हसू दे. थोड्या वेळाने बॅटरी गार झाल्यावर चार्जिंग परत चालू करून मोजलं. दोन्ही मिळून २७.९ व्होल्ट. वा, एकदम बरोबर, इन्व्हर्टरच्या हिशोबाने सगळं आलबेल. आता एकेक मोजली. नवी १३.१. जुनी १४.८.

बघा काय झालं. इन्व्हर्टरला मधली वायर दिसतच नाही. त्याला फक्त दोन टोकं माहिती. तो बेरीज बघतो, आणि २७.९ भागिले दोन केलं तर तेरा पॉइंट पंच्याण्णव येतात, छान आकडा आहे, म्हणून तो खूश. पण आत एक बॅटरी १३.१ वर उपाशी बसलीय, ती कधी पूर्ण भरतच नाही, आणि दुसरी १४.८ वर रोज तासन् तास शिजतीय. सिरीजमध्ये करंट दोघींतून एकच जातो, त्याला दुसरी वाटच नाही. जुनीची ताकद कमी झालेली म्हणजे ती लवकर भरते, भरून झाली तरी करंट यायचा थांबत नाही कारण नवी अजून भरायचीय, मग तो जास्तीचा करंट जुनीतलं पाणी फोडत बसतो. म्हणून ती पाणी मागत होती. आणि नवी पाणी का पीत नव्हती, तर पाणी जायला बॅटरी पूर्ण भरून थोडी वर चार्ज व्हावी लागते, ती वेळच तिच्यावर कधी आली नाही. आईला वाटलं गुणी आहे. ती बिचारी भुकेली होती.

नंतर मेन पाडून लोड टाकला, पंखे, फ्रीज, टीव्ही, आणि दर पाच मिनिटाला मोजत बसलो. सुरुवातीला दोन्ही बरोबरीने. वीस मिनिटांनी जुनी घसरायला लागली, ११.२, १०.६, आणि मग जिन्यावरून पाय सटकल्यासारखी एकदम खाली. इन्व्हर्टर बंद पडला तेव्हा दोन्ही मिळून २१ होते, म्हणजे त्याच्या मते प्रत्येकी साडेदहा, बॅटरी रिकामी झाली, बंद व्हायलाच पाहिजे. खरं होतं असं, नवी १२.१ आणि जुनी ८.९. नवीत अजून भरपूर माल शिल्लक, पण तो काढता येत नाही. दहा महिने घरच्यांची तक्रार होती की मोठा इन्व्हर्टर घेऊन बॅकअप आधीपेक्षा कमी झाला, मी फोनवर म्हणायचो फ्रीज बंद ठेवा, लोड जास्त होत असेल.

दुसऱ्या दिवशी जुनीला पिकअपमध्ये घालून बार्शीला चाचांकडे. चाचा म्हणजे आमचे बॅटरीवाले, ट्रॅक्टर, ट्रक, इन्व्हर्टर सगळ्यांच्या बॅटऱ्या तिथेच, दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड, बाहेर काळ्या बॅटऱ्यांच्या रांगा, आत चार्जरचा घूं घूं आवाज आणि ॲसिडने भोकं पडलेली पँट घातलेले चाचा. मी सगळे आकडे सांगायला सुरुवात केली. त्यांनी निम्म्यातच थांबवलं.

"जोडीत जुनी घातलीय ना दादा?"

"हो."

"मग मीटर कशाला लावायचा. लोड जुनीनं मोजला, चार्ज बी जुनीनंच मोजला. नवी नुसती मधल्या मध्ये उभी."

मग त्यांनी जुनीची सहाही झाकणं काढली. सहा झाकणं का असतात हा विचार मी कित्येक वर्षांत केला नव्हता, खरं सांगतो, पाठ होतं पण कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. १२ व्होल्टची बॅटरी ही एक बॅटरी नसतेच, दोन दोन व्होल्टचे सहा सेल आतून सिरीजमध्ये जोडलेले असतात, पूर्ण भरल्यावर प्रत्येकी साधारण २.१, म्हणून बारा नाही तर साडेबाराच्या वर दाखवते. १८०० साली व्होल्टाने जस्ताच्या आणि तांब्याच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी चळत रचली तेव्हापासून हाच प्रकार चाललाय, एकावर एक रचा आणि व्होल्टेज वाढवा. म्हणजे मी एका जोडीत जी चूक केली ती एका डबड्याच्या आत पण होऊ शकते, सहातला एक सेल मेला की पाच चांगले असून पण बॅटरी भंगारात.

चाचांनी हायड्रोमीटर बुडवला. काचेच्या नळीत ॲसिड ओढून घ्यायचं, आतला तरंगता काटा किती वर येतो ते बघायचं. त्यावरून ॲसिड पाण्याच्या किती पट जड ते कळतं. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीला फुल चार्जला १२४० च्या आसपास पाहिजे, म्हणजे १.२४ पट, सगळे असं पॉइंट न लावता बाराशे चाळीसच म्हणतात. जुनीच्या पहिल्या सेलमध्ये ओढायला पाणीच नव्हतं, प्लेटा वरून उघड्या, पांढरट पडलेल्या. दुसऱ्यात ११४०. तिसऱ्यात काटा तळालाच चिकटून बसला. चाचांनी नळी झटकली, झाकणं लावली आणि बॅटरी पायाने भंगाराच्या बाजूला सरकवली. बोलले काहीच नाहीत. संपलं.

नवी घरी जाऊन आणली, तिचे सहाही सेल ११८० च्या आगेमागे, पण सगळे सारखे. चाचा म्हणाले सारखे आहेत तर जगंल, दहा महिन्याची उपासमार आहे, जेवायला घालू. त्यांनी तिला एकटीला चार्जरवर लावली, बारा-तेरा अँपिअरने दीड दिवस, मधे मधे थांबवून थांबवून. भाऊबीजेला घ्यायला गेलो तेव्हा १२२५-१२३० होती. पूर्ण नाही आली पण आली. उशीर झाला असता तर प्लेटांवर सल्फेट कडक होऊन बसतं आणि मग कितीही चार्ज करा ते सुटत नाही.

तिथे बसलो होतो तेव्हा चाचांकडे एक ट्रकवाला आला होता. ट्रक, एसटी ह्या गाड्या २४ व्होल्टवर, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्याची तक्रार, दरवेळी एकच बॅटरी जाते, ती पण डावीकडचीच. चाचांनी केबिनमध्ये डोकं घातलं आणि हसत बाहेर आले. पठ्ठ्याने टेप आणि मोबाइल चार्जर १२ व्होल्टचा म्हणून मधल्या जोडावरून वायर काढली होती, म्हणजे दोनातल्या एकाच बॅटरीवर गाणी. त्यामुळे रात्रभर ती एकटी उतरायची आणि सकाळी अल्टरनेटर दोघींना सारखाच करंट द्यायचा, एक अर्धवट राहायची, दुसरी उकळायची. माझ्याच घरचा आजार, फक्त कारण वेगळं. २४ वरून १२ काढायला छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो दोन्ही टोकांवर बसतो, तो लावायचा.

मला तेव्हा डोक्यात आलं की मग पॅरललच का करत नाहीत सगळे, तिथे निदान व्होल्टेज दोघींना एकच असतं, कुणी उपाशी नाही आणि कुणी उकळत नाही. हे अर्धं बरोबर आहे. ई-रिक्षाच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये ४८ करतात, टेलिफोन एक्स्चेंजला दोन व्होल्टचे २४ सेल सिरीजमध्ये लावून ४८ च करत, ते काय हौस म्हणून नाही. कारण करंट. समजा १२०० वॅटचा लोड आहे. १२ व्होल्टवर तो चालवायचा तर १०० अँपिअर, इन्व्हर्टरचा तोटा धरला तर १२० च्या घरात. २४ वर तोच लोड ५०-६० अँपिअरमध्ये. आणि वायरीत जी उष्णता होते ती करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे करंट निम्मा केला की त्याच वायरीत उष्णता चौथाई. १२० अँपिअर नेणारी केबल अंगठ्याएवढी जाड लागते, तिचे लग्ज (टोकाला बसवायच्या धातूच्या टोप्या) नीट प्रेस केलेले लागतात, एक नट सैल राहिला की तिथेच प्लास्टिक वितळतं. म्हणून मोठ्या लोडला सिरीज.

आणि पॅरललमध्ये काय होतं ते मला शेतावर कळलं, चाचांकडून नव्हे. डुकरांचा त्रास आहे म्हणून मक्याला झटका मशीन (कुंपणाच्या तारेत झटका सोडणारं) लावलंय, त्याला १२ व्होल्टची बॅटरी. त्याच गडबडीत मी म्हणलं रात्री बॅटरी उतरते तर ट्रॅक्टरची जुनी पडलीय ती पण शेजारी लावू, पॅरललला काय, प्लसला प्लस. बॅटऱ्या शेजारी ठेवल्या, हाताशी होती ती बारीक वायर घेतली, अर्धा अर्धा मीटर, जोडली. मोजायचे कष्ट घेतले नाहीत. झटक्याची बॅटरी रात्रभर चालून ११.४ ला आलेली, ट्रॅक्टरची चार्जरवरून नुकतीच काढलेली १२.७. फरक म्हणाल तर सव्वा-दीड व्होल्टचा, हाताला झिणझिण्या पण येणार नाहीत. पण दोन बॅटऱ्यांचा आतला रेझिस्टन्स आणि ती चिमूटभर वायर मिळून जेमतेम तीन शतांश ओहम, भागाकार करा, सुरुवातीला चाळीस अँपिअर. एक स्क्वेअर एमएमच्या वायरीतून. अर्ध्या मिनिटात वायर हाताला पोळायला लागली, मिनिटभरात वरचं प्लास्टिक मऊ होऊन बोटाला चिकटलं, आणि मी ती ओढून काढली तेव्हा टर्मिनलवर फटकन ठिणगी. डोळ्यांवर काही नाही, हातात अंगठी. पुतण्या शेजारी उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता.

दोन टाक्या खालून पाइपने जोडल्यावर भरलेल्या टाकीचं पाणी रिकामीत धावतं ना, तेच. पाइप बारीक असला तर पाण्याचं काही बिघडत नाही, वायरीचं बिघडतं. म्हणून पॅरलल करायच्या आधी दोन्ही पूर्ण चार्ज करून घ्यायच्या, मीटरने मोजायच्या, फरक व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आत असेल तरच जोडायच्या, आणि प्रत्येक बॅटरीला स्वतःचा फ्यूज. शिवाय दोन-तीन बॅटऱ्या पॅरलल असतील तर प्लस पहिलीवरून घ्यायचा आणि मायनस शेवटचीवरून, तिरका. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून घेतल्या की सगळं काम जवळची करते, लांबची झोपा काढते. आणि जुनी-नवीची भानगड इथेही सुटत नाहीच, जुनीत एखादा सेल शॉर्ट झाला की चांगली बॅटरी रात्रभर तिच्यात ओतत बसते, लोड काही नसताना सकाळी दोन्ही रिकाम्या.

लिथियमबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं, तर ते मी घरी करत नाही आणि तुम्हीही जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक बनवायचे व्हिडिओ बघून करू नका. तो सेल भरलेला ४.२ व्होल्टचा, त्याच्या वर थोडं जरी गेलं तरी तो शिशाच्या बॅटरीसारखा पाणी उकळून वास देऊन तुम्हाला सांगत नाही, सरळ पेटू शकतो. म्हणूनच त्याला बीएमएस लागतं, म्हणजे प्रत्येक सेलचं व्होल्टेज वेगळं बघणारं सर्किट. जे काम माझ्या इन्व्हर्टरला येत नव्हतं तेच. फवारणी पंपाला आता कुठे कुठे लिथियमची बॅटरी येते, ती १२ व्होल्ट लिहिलंय म्हणून शिशाच्या बॅटरीला जोडून बघायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

शेवटी केलं काय. दोन नवीन घेतल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, आणि चाचांनी गोडाऊनमधून स्वतः शोधून एकाच महिन्याचा कोड असलेल्या काढल्या, त्यांनी तो नंबर बॅटरीच्या कडेला बोट फिरवून दाखवला, मी आजपर्यंत तो कधी वाचला नव्हता. घरी आणल्यावर लगेच सिरीज केली नाही. दोन्ही पूर्ण चार्ज करून आधी एक रात्र पॅरललमध्ये ठेवल्या, जाड केबलने, म्हणजे दोघींची पातळी एक झाली, मग सकाळी सिरीज. मधल्या वायरीवरून एक पातळ वायर काढून जिन्याच्या खांबाला दोन छोटे डिजिटल व्होल्टमीटर लावलेत, दीड-दोनशेला एक मिळतो, एकेका बॅटरीचा आकडा वेगळा दिसतो. पाव व्होल्टच्या वर फरक दिसला की मला फोटो पाठवायचा असं पुतण्याला सांगितलंय, त्याला तेवढंच काम आवडतं. टर्मिनलला व्हॅसलीन, शेजारी खायच्या सोड्याचा डबा, ॲसिड सांडलं तर टाकायला. काडीपेटी देवघरात गेली. बॅकअप म्हणाल तर पंखे, दिवे, टीव्ही मिळून साडेतीनशे वॅटला सहा तास आरामात.

ती उपाशी राहिलेली दहा महिन्यांची बॅटरी दाजींना दिली. त्यांचा इन्व्हर्टर एका बॅटरीवाला, १२ चाच. तिथे ती एकटी आहे आणि मस्त चाललीय, दाजी म्हणतात सेकंडहँड वाटत नाही. पैसे अजून दिले नाहीत त्यांनी, ताईसाठी मी पण मागितले नाहीत. जुनीचे चाचांनी भंगारात वजनावर दोन हजार चारशे दिले. साडेचौदा हजार वाचवायला निघालो होतो त्याचा पूर्ण हिशोब मी बायकोला अजून सांगितलेला नाही, ती हे वाचत नाही म्हणून इथे लिहितोय.

आबांना मात्र सगळं सांगितलं, मीटरचे आकडे, बेरीज, ट्रकवाला, सगळं. ते बाजेवर बसून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "म्हंजे तिन्ही सेल एकदम बदलायचे." आणि उठून गोठ्याकडे गेले.

परवा आईचा फोन आला होता, बाकी सगळं बोलून झाल्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "आणि हो, पाणी घातलं रे बॅटरीला. दोघींना अर्धी अर्धी बाटली लागली, सारखीच."